पांदणीपासून विहिरीपर्यंत: हत्यारांच्या पेट्यांसाठी गाडी निवडताना

सौर पंप बसवायचं काम विहिरीवर होतं, पण अंग दुखतं ते विहिरीपर्यंत पोचण्यात. यवतमाळ जिल्ह्यात राळेगाव, कळंब, बाभूळगाव या पट्ट्यात आमचं तिघांचं काम चालतं: मी, माझा चुलतभाऊ आणि हाताखाली एक पोरगा. पॅनल, स्ट्रक्चरचे पाइप, पंप हा मोठा माल वेगळ्या गाडीने येतो. तो उतरवायला शेतकऱ्याचा ट्रॅक्टर असतो, घरची चार माणसं असतात. हत्यारं मात्र रोज आमची आम्हालाच न्यावी लागतात. आमचा छोटा हत्ती टेम्पो पांदणीच्या, म्हणजे शेताकडे जाणाऱ्या वाटेच्या, तोंडाशी थांबतो. पुढे कधी शंभर पावलं, कधी अर्धा किलोमीटर. मध्ये नाला, दोन-तीन धुरे म्हणजे बांध, पराटीच्या म्हणजे कपाशीच्या ओळी, आणि मग विहीर.

२०२४ साली 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजना आली तेव्हापासून हे अंतर वाढलंच. ही योजना विजेची जोडणी नसलेल्या शेतकऱ्यांसाठी आहे. खर्चातला १० टक्के हिस्सा शेतकऱ्याने भरायचा, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याने ५ टक्के. अडीच एकरापर्यंत ३ एचपी, पाच एकरापर्यंत ५ आणि त्यावर साडेसात एचपीचा पंप. जिथे विजेचा खांब पोचला नाही तिथे रस्ताही सहसा पोचलेला नसतो, म्हणजे आमच्या वाट्याला येतात ती वावरं आतलीच. शासनाने २०२१ मध्ये शेत-पाणंद रस्त्यांसाठी मातोश्री ग्रामसमृद्धी योजना काढली, काही पांदणी चांगल्या झाल्याही. पण पांदण संपते आणि खरी चाल सुरू होते ती वावरातली. तिथे रस्ता कोणी करणार नाही आणि करूही नये, ती पिकाची जागा आहे.

पूर्वी हत्यारं खताच्या पोत्यांत आणि पत्र्याच्या डब्यांत जायची. एकावर एक बसून खटक्याने अडकणाऱ्या पेट्या घेतल्या तेव्हा कामाला शिस्त आली. कोणती वस्तू कुठे आहे ते अंधारातही सापडतं, धूळ आत जात नाही, संध्याकाळी काही राहिलं असेल तर रिकामा खण लगेच दिसतो. ही कल्पना जर्मनीतली. टॅनोस कंपनीची सिस्टेनर पेटी १९९३ ची, फेस्टूलची हत्यारं तिच्यातून येतात. बॉशची एल-बॉक्स सॉर्टिमोने बनवली, आणि सॉर्टिमो ही मुळात व्हॅनच्या आत कप्पे बसवणारी कंपनी. मिलवॉकीचं पॅकआउट २०१७ चं. व्हॅनमधून उतरवायचं, पक्क्या जमिनीवरून ढकलायचं आणि जिन्यापाशी उचलायचं, अशा कामाच्या हिशेबाने ही पद्धत वाढली. पेट्या आमच्या वावरातही तितक्याच उपयोगी पडतात. त्यांच्याखालची चाकं तेवढी आपण आपल्या जमिनीची लावायची, असं मला पहिल्यापासून वाटत होतं. म्हणून गाडी विकत घेण्याआधी मी दोन गोष्टींची मापं काढायचं ठरवलं: ओझं आणि वाट.

ओझं मोजायला धान्याच्या अडतीवरचा काटा कामी आला. वायरिंगची पेटी, म्हणजे एमसी-फोर या पॅनलच्या कनेक्टरचं क्रिंपिंग, क्लॅम्प मीटर, इन्सुलेशन तपासायचा मेगर, स्ट्रिपर, ९ किलो. ड्रिल, हॅमर, ग्राइंडर आणि बॅटऱ्यांची १४. नट-बोल्ट, क्लॅम्प, अँकर, ड्रिलच्या बिटांची १७. पाइपपाने, चेनपाना, रिंगपाने, आरी, हातोडे यांची सगळ्यात जड, १९. बेरीज ५९, पाण्याची कॅन धरली की साठीच्या वर. खांद्यावर न्यायचं तर तिघांना दोनदा फेऱ्या. कामाची सुरुवातच दमून होते, आणि दमलेल्या हाताने मेगर लावायचा नसतो. पंप बोअरमध्ये सोडण्याआधी त्याच्या वाइंडिंगचं इन्सुलेशन ५०० व्होल्टवर तपासावं लागतं. तिथे घाईत चूक झाली तर सगळे पाइप पुन्हा वर काढावे लागतात. मेगर आणि मीटर ही हादरे सोसणारी वस्तू नाही, हेही गाडी निवडताना माझ्या डोक्यात होतं. पेटी पोचली पण आतला मीटर हलला, तर त्या पोचण्याला अर्थ नाही.

वाट मोजायला टेप घेऊन फिरलो. चालू कामांच्या वावरांत पराटीच्या दोन ओळींतलं अंतर बहुतेक ठिकाणी तीन फूट निघालं, काही ठिकाणी चार. धुरा ओलांडायला जिथे पायवाट पडलेली असते तिथे चढ गुडघ्याएवढा. नाल्याचा उतार कुठे कुठे इतका की उभं ओझं कलंडेल. हरभऱ्याच्या वावरात तुषारचे पाइप आडवे, गव्हात पाणी द्यायचे सारे. आणि तुरीचे खुंट! कापणी झाली की जमिनीवर बोटभर उंचीचे, तिरपे छाटलेले, वाळून खिळ्यासारखे कडक झालेले खुंट राहतात. धुऱ्यावर बाभळी, म्हणजे वाटेत बाभळीचे काटे. या सगळ्यांतून जाणारं चाक मला हवं होतं.

सगळ्यांत मोठा प्रश्न मात्र मातीचा. आपली काळी माती बेसाल्टच्या खडकातून झालेली, तिच्यात फुगणाऱ्या चिकणमातीचं प्रमाण मोठं. पाणी पडलं की फुगते, वाळली की आकसते. त्यामुळे एकाच वावरात वर्षभरात चार वेगवेगळ्या जमिनी असतात. उन्हाळ्यात भेगा पडतात. दोन इंच रुंदीचं चाक दोन इंची भेगेत उतरलं की गाडी तिथेच खिळते, आणि ओढणाऱ्याच्या मनगटाला हिसका बसतो तो वेगळा. आषाढात तीच माती चाकाला चिकटून चिकटून थर वाढवते, शेवटी चाक आणि सांगाडा यांच्या मधली फट भरते आणि चाक फिरायचं बंद होऊन नांगरासारखं घासत येतं. पाऊस उघडून वाफसा आला की मात्र जमीन दबते पण चिकटत नाही. दिवाळीनंतर ढेकळं. गाडी घ्यायची तर यातल्या दोन जमिनींवर तरी ती चांगली चालली पाहिजे, असं मी मनाशी पक्कं केलं. चिखलाच्या दिवसांत कोणत्याच चाकाचा आग्रह धरायचा नाही.

मग एकेक गाडी मागून आणून पाहिली.

पेट्यांच्या संचाबरोबर येणारा चाकाचा तळ नागपुरात फ्लॅटची वायरिंग करणाऱ्या एका ओळखीच्या माणसाकडे होता. या प्रकाराची चाकं साधारण सात ते नऊ इंची असतात. पॅकआउटच्या चाकाच्या पेटीला नऊ इंची चाकं आणि २५० पौंड, म्हणजे ११३ किलोची क्षमता कंपनी सांगते. आकडा मोठा आहे आणि पक्क्या जमिनीवर तो खराच असेल. ओळखीच्याकडचा तळ वेगळ्या बनावटीचा होता, चाक त्याहून लहान, टणक प्लास्टिकचं. पांदणीवर तो बरा चालला. वावरात ढेकळांवर आला की पेट्यांचे खटके खडखड वाजायला लागले. प्रत्येक ढेकळाचा धक्का जसाच्या तसा पेटीत जात होता, कारण टणक चाक काहीच दबत नाही. मेगरची पेटी मी मधेच काढून हातात घेतली.

घडीची ॲल्युमिनियमची ट्रॉली दुकानात पाहिली तेव्हाच तिचा विचार सोडला. वजनाला हलकी, गाडीत जागा खात नाही, शहरातल्या फोटोग्राफरला किंवा कुरिअरवाल्याला उत्तम. पण तिच्या चाकाचा आस पेन्सिलीएवढा आणि चाकात बेअरिंग नाही, नुसतं प्लास्टिकचं बुश. काळ्या मातीची धूळ अशा बुशात शिरली की एका हंगामात भोक लंबगोल होतं.

अडतीवरची पोती वाहायची दोन चाकांची लोखंडी गाडी त्यामानाने मजबूत. तिला दहा इंची हवेची चाकं होती, ३.५०-४ मापाची. ती वावरात नेली आणि पहिल्यांदा वाटलं की उत्तर याच जातीत आहे. धक्के निम्मे झाले. पण ती हमालाच्या उंचीने आणि गोदामाच्या फरशीच्या हिशेबाने केलेली. तिची पुढची पट्टी जमिनीपासून दोन-अडीच इंचांवर, प्रत्येक धुऱ्याला आणि खुंटाला अडकायची.

चार चाकांची, पुढचं चाक वळणारी बागेतली गाडी चुलतभावाला आवडली होती. तिला ओझं हातावर घ्यावं लागत नाही हा तिचा मोठा गुण, आणि सपाट वावरात ती छान चालते. पण धुऱ्यावर चढताना पुढची दोन चाकं वर आणि मागची खाली, अशा वेळी पेट्यांची चळत मागे कलते. नाल्याच्या उतारावर वळवली तर आतलं चाक उचललं जातं. शिवाय चार चाकं म्हणजे चार ट्यूब आणि काट्यांना चार जागा. वाद घालत बसलो नाही. ज्याच्या वावराची वाट सलग सपाट आहे त्याने तीच घ्यावी, असं मी आजही सांगेन.

एका शेतकरी काकांनी आमची ही मापं काढण्याची धडपड पाहिली. म्हणाले, "कायले जीव काढता भाऊ, बंडी जुपतो ना मी. दहा मिनटाचं काम हाय." त्यांचा जीव मोठा. पण डवरणीच्या दिवसांत कोणाचे बैल कधी मोकळे असतील ते सांगता येत नाही, आणि संध्याकाळी काम उरकायला अंधार झाला तर पुन्हा बंडी मागायला मन होत नाही. त्या दिवशी बंडीतूनच पेट्या गेल्या. मी मागून चालत होतो आणि तिच्या चाकाकडे पाहत होतो. आपल्याकडच्या जुन्या लाकडी बंडीचं चाक छातीला लागेल एवढं उंच असतं. खालची ढेकळं, खड्डे, भेगा त्याच्या लेखी फार लहान. या मातीत पिढ्यान् पिढ्या ओझं वाहणाऱ्या सुतार-लोहारांनी चाक एवढं मोठं ठेवलं ते उगाच नाही.

पुतणी बारावी सायन्सला आहे. तिला विचारलं, चाक मोठं असलं की ढेकळावरून सोपं जातं, पण किती सोपं? तिने कागदावर चाक काढलं, पुढे एक इंचाचं न फुटणारं ढेकूळ काढलं आणि गाडी आडवी ओढायला किती जोर लागेल ते मांडलं. साठ किलो ओझ्याला चार इंची चाक असेल तर शंभर किलोच्या वर जोर, म्हणजे गाडी अडलीच. आठ इंची चाकाला ५३ किलो. दहा इंचीला ४५. सोळा इंचीला ३३. प्रत्यक्षात ढेकूळ थोडं फुटतं, टायर दबतो, दांडा वर उचलून ओढला की जोर आणखी कमी लागतो. तरी आकड्यांचा उतार बघण्यासारखा आहे. चार इंचांवरून आठवर गेलं की जोर निम्म्यावर येतो, दहावरून सोळावर गेलं की चौथा हिस्सा कमी होतो. सोळाच्या पुढे फायदा हळूहळू वाढतो आणि चाकाचं वजन मात्र भराभर. बंडीच्या चाकामागचा विचार आणि पोरीचं गणित जुळलं, आणि मी सोळा इंचांवर थांबलो.

सोळा इंच निवडायचं दुसरं कारण दुकानाचं. सिमेंट-गिट्टी वाहायच्या एकचाकी गाडीला ४.००-८ मापाचं चाक येतं, बाहेरून साधारण सोळा इंच. हेच माप ऑटोरिक्षाचं. म्हणजे ट्यूब राळेगावात मिळते, कळंबला मिळते, बसस्टँडजवळच्या पंक्चरवाल्याकडे टांगलेली असते. परदेशी बनावटीचं चाक कितीही चांगलं असलं तरी त्याची ट्यूब मागवून आठवडा थांबायचं असेल तर ते मला चालणार नव्हतं, कारण पंप बसवायची तारीख शेतकऱ्याला सांगितलेली असते. टायर मात्र रिक्षाचा घेतला नाही. तो माणसं भरलेली रिक्षा पेलायला जाड थरांचा केलेला असतो, साठ-सत्तर किलोला तो दबतच नाही. एकचाकीचा टायर पातळ थरांचा, कमी हवेवर छान पसरतो.

हवेचा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण बरेच जण चाक मोठं घेतात आणि हवा टणक भरतात. टायरमधली हवा जेवढी, साधारण तेवढाच दाब तो जमिनीवर टाकतो. तीस पीएसआय म्हणजे चौरस सेंटिमीटरला दोन किलोच्या आसपास. हवा पंधरावर आणली की तेवढ्याच ओझ्याला टायर जवळजवळ दुप्पट जागा व्यापतो, वाफशाच्या जमिनीत कमी रुततो आणि ढेकळाचा धक्का स्वतः गिळतो. वायरिंगची पेटी आता गाडीवरूनच जाते, ती या पंधरा-अठरा पीएसआयमुळे. पंक्चर न होणारं भरीव फोमचं चाकही मिळतं, काट्यांच्या मुलखात त्याचा मोह होतो. मी ते हाताने दाबून पाहिलं. त्याची नरमाई कारखान्यात ठरलेली असते, जमिनीप्रमाणे ती कमी-जास्त करता येत नाही. म्हणून हवेचंच घेतलं, आत जुन्या टायरची पातळ साल गेटरसारखी सगळीकडून फिरवली आणि ट्यूबमध्ये पंक्चर बुजवणारं द्रव टाकलं. बाभळीचा काटा या दोन्हींतून क्वचित पार होतो. तुरीचा खुंट मात्र बाजूने फाडू शकतो, त्याला इलाज वाट बघून चालणं एवढाच.

चाकं आणि बेअरिंग घ्यायला नागपूरला गेलो, इतवारीच्या लोहाओळीत. तिथे अर्ध्या दिवसात हवं ते सगळं हाताळून बघता येतं. आस २० मिलिमीटरचा ब्राइट बार घेतला आणि त्यावर बसणारं ६२०४ नंबरचं बेअरिंग. हा नंबर मुद्दाम, कारण मोटर रिवाइंडिंगच्या कोणत्याही दुकानात तो असतोच. त्यातही दोन्ही बाजूंनी रबराचं सील असलेलं, ज्याच्या नावापुढे टू-आरएस लिहितात ते. पत्र्याचं झाकण असलेल्या झेड-झेडमध्ये बारीक माती हळूहळू शिरते. किमतीत फरक थोडाच असतो.

सांगाडा गावातल्या वेल्डिंगवाल्या मिस्त्रींनी केला. एक इंची, १६ गेजचा गोल पाइप. सहा मीटरची एक पूर्ण नळी साडेपाच किलोच्या आसपास भरते आणि तिच्यातच सगळं बसलं. माझ्या कागदावर चाकं पेट्यांच्या खाली होती. मिस्त्री बघून म्हणाले, "भाऊ, चाक बाहीर घे, सांगाड्याच्या बाजूले. खाली घेशीन तं ओझं वर जाईन अन् नाल्यात पलटीन." त्यांचं बरोबर होतं. चाकं बाजूला घेतल्यामुळे पेट्यांची चळत खाली बसली आणि दोन चाकांमधलं अंतर वाढलं. बाहेरून बाहेर ६२ सेंटिमीटर. तीन फुटांच्या ओळीत दोन्हीकडे जवळजवळ अर्धा फूट जागा राहते, पराटीची बोंडं झडत नाहीत.

आसाची जागा ठरवायला सगळ्यांत जास्त वेळ दिला, आणि द्यायलाच हवा. दोन चाकांच्या गाडीत ओझं तिरपं करून ओढायचं असतं. तिरपं केल्यावर ओझ्याचा मध्य बरोबर आसावर आला तर हातावर काही येत नाही. तो दहा सेंटिमीटर पुढे-मागे झाला आणि दांडा आसापासून एकशे दहा सेंटिमीटरवर असला, तर साठ किलोतले साडेपाच किलो सतत हातावर येतात. शंभर पावलांत ते कळत नाही, अर्ध्या किलोमीटरला खांदा भरून येतो. म्हणून आधी आस वेल्ड न करता दोरीने बांधला, खऱ्या पेट्या रचल्या, आम्ही तिघांनी आपापल्या उंचीने दांडा धरून पाहिला आणि आस मागे-पुढे सरकवत गेलो. चुलतभाऊ उंच, पोरगा ठेंगणा. दोघांना जमेल अशी जागा सापडल्यावर खडूने खूण केली आणि मगच मिस्त्रींनी टाका मारला. पोरगा ओढतो तेव्हा थोडं ओझं त्याच्या हातावर येतं, ते मला मान्य आहे. पूर्ण तोल साधला की उतारावर गाडी उलट अंगावर येते, थोडं ओझं हातात असलेलं बरं.

खालची पट्टी तिरपी केल्यावर जमिनीपासून वीतभर वर राहील अशी बसवली. तिच्यावर एखाद्या कंपनीची खटक्याची पाटी लावायचा विचार होता, तो सोडला. सिस्टेनरचा तळ ३९६ बाय २९६ मिलिमीटर, एल-बॉक्सचा ४४२ बाय ३५७. कोणाचं कोणाला बसत नाही, आणि उद्या आमची पेटी बदलू शकते. त्याऐवजी मोठ्या पेटीच्या मापाचा पत्रा आणि त्याला तीन बाजूंनी अर्ध्या इंचाची कड. लहान पेटी आली तर लाकडी पट्टी सरकवायची. चळतीवरून एक रॅचेटचा पट्टा आडवा नाही, उभा; खालच्या पत्र्यापासून वरच्या दांड्यापर्यंत. पेट्यांचे खटके एकमेकांना धरून ठेवायला असतात, हिसके सोसायला नाहीत. एल-बॉक्ससारख्या पेटीची मूठ २५ किलोपर्यंत उचलायला असते, तरी ढेकळावर आपटताना क्षणभर पडणारं ओझं त्याहून कितीतरी जास्त असतं. पट्टा ते अंगावर घेतो.

दोन गोष्टी मिस्त्रींनी स्वतःहून घातल्या, आणि त्यांच्याशिवाय ही गाडी आमच्या कामाची झाली नसती. पुढच्या पट्टीखाली एक आडवी मूठ. नाला आला की एक जण वरचा दांडा धरतो, दुसरा खालची मूठ, आणि पेट्या न सोडता गाडी पालखीसारखी उचलून पलीकडे. दुसरी, पाठीमागच्या दोन उभ्या पाइपांवर खालपासून वरपर्यंत सपाट पट्ट्या. छोटा हत्तीच्या डाल्याच्या कडेला गाडी टेकवली की त्या पट्ट्यांवरून ती घसरत वर जाते, साठ किलो एकदम उचलावे लागत नाहीत. चाकं पिन काढली की निघतात, म्हणून डाल्यात गाडी आडवी पडते आणि वर पाइप ठेवता येतात.

सगळी मिळून गाडी सतरा-अठरा किलोची झाली आणि चार हजारांच्या आसपास खर्च आला.

वावरात ती ढकलायची नाही, ओढायची. ढकलताना हाताचा जोर तिरपा खाली जातो आणि चाक जमिनीत दाबलं जातं. ओढताना तोच जोर चाकाला वर उचलतो. पोरग्याला हे एकदा सांगितलं, पुढे त्याने स्वतःच ओळखलं की ढेकूळ आलं की दांडा किंचित वर घ्यायचा. जड पेटी सगळ्यांत खाली, हा नियम आम्ही मोडत नाही, मग पाइपपाने लवकर लागणार असले तरीही. नाल्याच्या उतारावर आडवं जायचं असेल तर वरच्या दोन पेट्या काढून हातात घ्यायच्या आणि उरलेलं ओझं घेऊन सरळ खाली उतरायचं.

जुलैमध्ये संततधार होती तेव्हा गाडी छोटा हत्तीतच राहिली आणि पेट्या खांद्यावर गेल्या, एकदा बंडीत. चाक आणि सांगाड्यात तीन बोटांची फट ठेवली आहे, तरी भर चिखलात ती भरते. पाऊस उघडल्यावर वाफसा यायची वाट शेतकरी बघतो तशी आता आम्हीही बघतो. जमीन मुठीत दाबून बघायची. गोळा झाला आणि बोटाला चिकटला नाही की गाडी काढायची.

भंडाऱ्याकडे, साकोलीच्या बाजूला काम करणाऱ्या फिटर मंडळींनी ही गाडी पाहिली आणि तशीच करून मागितली. मी त्यांना थांबवलं आहे. तिकडे धानाच्या बांध्या, म्हणजे पाणी धरलेली खाचरं; चालायची वाट म्हणजे दीड फुटाचा धुरा आणि दोन्हीकडे पाणी. ६२ सेंटिमीटरची दोन चाकं त्यावर मावणारच नाहीत. त्यांना एकाच चाकाची गाडी लागेल: तेच ४.००-८ चं चाक, तोच ६२०४, पण पेट्या चाकाच्या वर एकच रांग करून, जास्तीत जास्त दोन थर, आणि ओझं पस्तीस-चाळीस किलोच्या आत, कारण एकचाकीत तोल दोन्ही हातांनी सांभाळावा लागतो आणि निसरड्या धुऱ्यावर पाय आधी सांभाळावा लागतो. नेहमीच्या वाटेवरचा सगळ्यांत अरुंद धुरा आणि पाणी सोडायला तो जिथे कापलेला असतो त्या फटीची रुंदी, ही दोन मापं त्यांच्याकडून मागवली आहेत. ती आली की मिस्त्री सांगाड्याला हात घालतील.